पांढऱ्या स्फटिकांची ओळखपरेड

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली, ती एक छोटी काचेची बाटली जपून घेऊन. बाटलीत कापसासारखे हलके, सुईच्या आकाराचे पांढरे स्फटिक होते आणि बाहेर चिकटवलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिनच्या साध्या गोळ्या कुटून, कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात उकळून, थंड झाल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून तिने ते घराच्या गॅलरीत बनवलं होतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत मोजे होते, याची खात्री मी आधी करून घेतली. मग विचारलं, "हे सॅलिसिलिक आम्लच आहे, हे कशावरून?"

"कृतीत तसंच दिलंय, मामा. गोळ्या घेतल्या, सोडा घातला, उकळलं, आम्ल घातलं आणि पांढरा साका आला. पुस्तकातही पांढराच साका येतो."

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकलं आहे. त्यात मुलांचा दोष नाही. आपल्याकडे प्रयोग म्हणजे कृती पार पाडणं, असंच शिकवलं जातं. कृती बरोबर केली की पदार्थ बरोबर आला, असं धरून चालतात. पण सेंद्रिय रसायनशास्त्रात बनवणं हा अर्धाच भाग आहे. जे बनलं ते तेच आहे हे सिद्ध करणं हा उरलेला अर्धा भाग, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा. पाककृती तंतोतंत पाळूनही पाक बिघडतो हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. रसायनाचं तर असं, की बिघडलेला पाकही तितकाच पांढराशुभ्र दिसतो.

मी तिला बाटलीवरचा कागद काढायला लावला. नव्या कागदावर आम्ही लिहिलं : पांढरे स्फटिक, क्रमांक १. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. सुट्टी असल्याने ती मोकळीच होती.

पहिलं काम उपकरणांचं नव्हतं, कागदावरचं होतं. त्या बाटलीत दुसरं काय काय असू शकतं, याची यादी करायची. पोलीस तपासात जशी संशयितांची नावं काढतात, तशीच. न बदललेलं ॲस्पिरिन असू शकतं, कारण तेही पांढरं आणि स्फटिकरूप. गोळी घट्ट बसावी म्हणून कंपन्या तिच्यात स्टार्च आणि सेल्युलोज घालतात, ते उतरलेलं असू शकतं. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की साधं मीठ तयार होतं, तेही असू शकतं. ॲस्पिरिन फुटताना ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल सुटतं. त्याचे सोडियम क्षाराच्या रूपातले अवशेष असू शकतात. आणि या सगळ्यांचं मिश्रणही असू शकतं. यादी पूर्ण झाल्यावर भाची जरा गंभीर झाली. आदल्या दिवशी बाटलीत एकच शक्यता होती, आता सहा झाल्या होत्या.

मीठ आणि स्टार्च यांना बाद करायला फार वेळ लागला नाही. स्टीलच्या चमच्याच्या टोकावर चिमूटभर स्फटिक घेऊन हलकेच तापवले, तर ते वितळले, पांढरी वाफ निघाली आणि चमचा जवळजवळ कोरा राहिला. मीठ असतं तर जागच्या जागी बसून राहिलं असतं. आयोडीनच्या थेंबाने निळा-काळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्च नव्हता. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात स्फटिक टाकले तर बुडबुडे उठले. म्हणजे आम्ल आहे. पण थांबा. ॲस्पिरिनही आम्लच आहे आणि तेही असेच बुडबुडे देतं. ही चाचणी खरी ठरली, तरी मुख्य संशयिताला तिने हातही लावला नाही.

मग फेरिक क्लोराइड. फिकट पिवळ्या द्रावणाचा एक थेंब स्फटिकांच्या द्रावणात पडला आणि परीक्षानळीत गर्द जांभळा रंग उतरला, दौतीतल्या शाईसारखा. भाचीने टाळीच वाजवली. फिनॉल गटाची, म्हणजे बेंझीनच्या कड्याला थेट जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटाची, ही खूण. ॲस्पिरिनमध्ये तो गट ॲसेटिल गटाखाली झाकलेला असतो, सॅलिसिलिक आम्लात तो उघडा असतो. म्हणजे झाकण निघालं, असं म्हणायला हरकत नव्हती.

मी तिला दुसऱ्या परीक्षानळीत मूळच्या ॲस्पिरिनच्या गोळीचा चुरा घ्यायला सांगितला. तिथेही तोच थेंब टाकला. तिथेही फिकट का होईना, जांभळी झाक आली. ती गोंधळली. कारण साधं आहे. ॲस्पिरिन दमट हवेत आपोआप थोडंथोडं फुटत असतं. औषधाच्या कपाटातली जुनी ॲस्पिरिनची बाटली उघडून पाहा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो याचाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे चांगलंच जाणवतं. फेरिक क्लोराइडची चाचणी इतकी तीक्ष्ण आहे की सॅलिसिलिक आम्लाचा लहानसा अंशही ती पकडते. म्हणून जांभळा रंग 'यात ते आहे' एवढंच सांगतो. 'हे तेच आहे' असं तो सांगत नाही. शिवाय दुसरी कितीतरी फिनॉल संयुगं जांभळ्या-निळ्या छटा देतात. हा फरक जिला कळला, तिला विश्लेषणाचा गाभा कळला असं मी समजतो.

रंगावर, वासावर, नुसत्या दिसण्यावर विसंबण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने फार भयंकर रीतीने पाहिलं आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्ही पाण्यासारखे नितळ, दोन्ही पाण्यात सहज मिसळणारे, दोघांचा वास सामान्य माणसाला सारखाच वाटेल असा. एक ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं ७८ अंशांच्या जरा वर. रेणूत फरक आहे एका कार्बनचा आणि त्याच्यासोबतच्या दोन हायड्रोजनांचा. पण शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. पदार्थाची ओळख पटवणं हा प्रयोगशाळेतला शौक नव्हे, असं मी वर्गात सांगत असे ते याचसाठी.

प्रयोगशाळेत सेंद्रिय संयुगं बनवण्याची सुरुवात जिथून मानतात ती गोष्टही ओळख पटवण्याचीच आहे. १८२८ मध्ये बर्लिनमध्ये फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट बनवायला घेतलं. सिल्व्हर सायनेटवर नवसागराची क्रिया केली आणि त्याच्या हाती पांढरे स्फटिक आले. पण ते सायनेटासारखे वागेनात. आम्ल घातलं तरी सायनिक आम्ल सुटेना, शिशाच्या क्षाराबरोबर अपेक्षित साका येईना. नायट्रिक आम्ल घातल्यावर मात्र चकचकीत पापुद्रे जमले. असे पापुद्रे मूत्रातून काढलेला युरिया देतो, हे तेव्हा माहीत होतं. व्होलरने काय केलं? मूत्रातून काढलेला शुद्ध युरिया घेतला आणि आपल्या स्फटिकांशी तो एकेका गुणधर्मात ताडून पाहिला. इंग्लंडच्या विल्यम प्राउटने युरियाचं जे विश्लेषण आधी प्रसिद्ध केलं होतं, त्याच्याशी अमोनियम सायनेटच्या घटकांचं प्रमाण जुळवलं. ते जुळलं. त्यानंतरच त्याने २२ फेब्रुवारी १८२८ रोजी आपले गुरू बर्झेलियस यांना पत्र लिहून कळवलं, की मूत्रपिंडाशिवाय युरिया तयार करता येतो.

पुस्तकांत या प्रयोगाचं मोठेपण सांगतात ते 'सजीवांच्या शरीराबाहेर बनलेलं सेंद्रिय संयुग' म्हणून. मला त्यातला ताडून पाहण्याचा भाग जास्त मोठा वाटतो. तो नसता, तर व्होलरच्या बाटलीवर 'अमोनियम सायनेट' हेच नाव चिकटलं असतं, कारण कृती त्याचीच होती. जाता जाता एक सांगायला हवं : आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत युरिया हे रासायनिक खत आणि शेणखत ते सेंद्रिय. रसायनशास्त्राच्या भाषेत मात्र युरिया हे सेंद्रिय संयुग आहे, इतकंच नव्हे तर प्रयोगशाळेत बनलेल्या पहिल्यावहिल्या सेंद्रिय संयुगांपैकी एक आहे. गोणीवर '४६ टक्के नत्र' छापलेलं असतं, तो आकडा युरियाच्या रेणूतून थेट येतो. साठ एकक वस्तुमानाच्या रेणूत अठ्ठावीस एकक नायट्रोजनचे.

आता परत आमच्या स्फटिकांकडे. पुढची पायरी द्रवणांक, पण त्याआधी पदार्थ शुद्ध आणि कोरडा हवा. सॅलिसिलिक आम्ल थंड पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. उकळत्या पाण्यात मात्र कितीतरी पट जास्त विरघळतं. या फरकाचा फायदा घेऊन पुनःस्फटिकीकरण करतात. भाचीने स्फटिक उकळत्या पाण्यात विरघळवले, गरम असतानाच गाळले, चंचुपात्र झाकून ठेवलं. तासाभरात तळापासून लांब पांढऱ्या सुया उगवू लागल्या. मी तिला मुद्दाम दुसरं काही करू दिलं नाही. बसून ते पाहा म्हटलं. मग सुया गाळणकागदावर घेऊन, गार पाण्याने धुऊन, रात्रभर वाळू दिल्या. ओलसर पदार्थाचा द्रवणांक घेणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

आमच्याकडे अजून थील नळी आहे. योहानेस थीलने १९०७ मध्ये सुचवलेली ही काचेची नळी, बाजूला तिरका दांडा असलेली. द्रव पॅराफिन भरून दांड्याच्या कोपऱ्यापाशी ज्योत धरली की गरम पॅराफिन आपोआप फिरत राहतं आणि तापमान सगळीकडे सारखं होतं. एका टोकाला बंद असलेल्या केसाइतक्या बारीक काचेच्या नळीत, म्हणजे कॅपिलरीत, स्फटिकांची पूड ठोकून भरायची. दोनतीन मिलिमीटर पुरे. ती रबराच्या चकतीने तापमापीच्या फुग्याशी बांधायची, अशी की पूड आणि पारा अगदी शेजारी शेजारी येतील. शेवटच्या वीस अंशांत तापमान मिनिटाला दोन अंशांहून वेगाने चढू द्यायचं नाही. इथे घाई करणाऱ्यांचे आकडे हमखास चुकतात.

एका कॅपिलरीत तिचे मूळचे, न शुद्ध केलेले स्फटिक होते, दुसरीत शुद्ध केलेले. १५३ अंशांवर पहिल्या नळीतली पूड काचेपासून सुटून आक्रसली, ओली दिसू लागली आणि पूर्ण पारदर्शक व्हायला १५७ उजाडले. शेजारची नळी तोवर जशीच्या तशी पांढरी. १५८ला तिच्यात पहिला थेंब चमकला आणि साडेएकोणसाठपर्यंत सगळं पाणी झालं. शुद्ध सॅलिसिलिक आम्लाचा नोंदलेला द्रवणांक १५८ ते १६१ अंशांच्या पट्ट्यात आहे. ॲस्पिरिनचा १३५च्या आसपास. त्याचा आकडा तापवण्याच्या वेगावरही अवलंबून असतो, कारण ते तापताना फुटतं.

अशुद्ध पदार्थ आधी आणि रेंगाळत का वितळतो, हे समजायला दूर जायला नको. हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आंब्याचं आईस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात. मिठामुळे बर्फ शून्याच्या कितीतरी खाली वितळू लागतो. एका पदार्थाच्या शिस्तीत मांडलेल्या कणांत परके कण घुसले की रचना लवकर ढासळते. स्फटिकांतही तेच. म्हणून द्रवणांक दोन गोष्टी एकदम सांगतो. आकडा ओळखीकडे बोट दाखवतो आणि वितळण्याचा पट्टा किती अरुंद आहे, त्यावरून शुद्धतेचा अंदाज येतो.

पण आकडा जुळला म्हणून ओळख पटली का? नाही. लाखो सेंद्रिय संयुगं आहेत आणि खोलीच्या तापमानापासून तीनशे अंशांपर्यंतचे आकडे आहेत जेमतेम पावणेतीनशे. एकेका आकड्यावर गर्दी होणारच. याचं पाठ्यपुस्तकांतलं जुनं उदाहरण मला फार आवडतं आणि त्या दिवशी आम्ही ते करून पाहिलं. युरिया १३३ अंशांना वितळतो. सिनॅमिक आम्ल, दालचिनीशी नातं सांगणारं, तेही १३३ला वितळतं. दोन कॅपिलरी शेजारी बांधल्या तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी वितळतात आणि फक्त आकडा पाहणारा दोघांना एकच म्हणेल. आता दोन्ही पुडी समभाग एकत्र खलून तिसरी कॅपिलरी भरा. ती शंभर अंशांच्या आसपासच ओली होऊ लागते. दोघं एकमेकांसाठी मिठासारखे परके ठरतात.

यालाच मिश्र द्रवणांक म्हणतात. माझ्या मते हौशी रसायनप्रेमीच्या हाती असलेलं हे सर्वांत धारदार आणि सर्वांत स्वस्त शस्त्र आहे. आपल्या स्फटिकांत खात्रीचा नमुना मिसळायचा. द्रवणांक जागेवर राहिला, तर दोघं एकच. खाली घसरला, तर वेगळे. भाचीचे स्फटिक आणि प्रयोगशाळेच्या कपाटातलं सीलबंद बाटलीतलं सॅलिसिलिक आम्ल खलून पाहिलं. १५८ ते १५९.५. तसूभर फरक नाही. मग तिच्याच स्फटिकांत ॲस्पिरिन मिसळलं. ती कॅपिलरी ॲस्पिरिनच्या स्वतःच्या १३५ अंशांच्याही आधी ओली झाली. ओळखपरेडीत साक्षीदाराने एकाकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्याला 'हा नव्हे' म्हटलं.

ओळख पटवताना पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असावेत, हा माझा आग्रह. द्रवणांक स्फटिकांच्या रचनेबद्दल बोलतो. रेणूच्या वजनाबद्दल तो काही बोलत नाही. त्यासाठी आम्ही अनुमापन केलं. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, त्याची तीव्रता आधी ऑक्झॅलिक आम्लाने नक्की केलेली. चंबूत २०० मिलिग्रॅम स्फटिक थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवलेले आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. हिशेब आधीच कागदावर मांडून ठेवला होता. सॅलिसिलिक आम्लाचं रेणुवस्तुमान १३८, म्हणून १४.५ मिलिलिटर लागले पाहिजेत. ॲस्पिरिनचं १८०, म्हणून ११.१. बेंझॉइक आम्ल असतं, तर १६.४. सॅलिसिलिक आम्लातला फिनॉल गट इतका दुबळा असतो की तो या हिशेबात येत नाही, फक्त कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट मोजला जातो. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा ब्युरेटवर १४.४ होते. उत्तर आधी लिहून ठेवायचं आणि मग मोजायचं, ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावायचा प्रयत्न केला. मोजल्यावर हिशेब केला की मन नकळत आकडे वळवून घेतं.

एवढ्यावर भाचीने विचारलं, "आता तर झालं ना?" मी तिला फळ्यावर तीन रेणू काढून दाखवले. बेंझीनच्या कड्यावर आम्लाचा गट एका जागी ठेवला आणि हायड्रॉक्सिल गट शेजारी, एक घर सोडून आणि समोरासमोर असा तीन ठिकाणी बसवला. तिन्हींचं सूत्र एक, रेणुवस्तुमान एक. अनुमापनात तिन्ही बरोबर १४.५ मिलिलिटरच घेतील. ही समघटक भावंडं. त्यांना वेगळं करतो तो द्रवणांक : शेजारी-शेजारी असलेलं सॅलिसिलिक आम्ल १५९ला वितळतं, उरलेली दोन्ही दोनशे अंश ओलांडल्यावर. फेरिक क्लोराइडचा तो गर्द जांभळा रंगही इथे उपयोगी पडतो. दोन गट शेजारी असले की लोहाचा अणू दोन्हींच्या ऑक्सिजनना एकदम धरतो, चिमट्यात धरावं तसा. भावंडांना ते जमत नाही. जी चाचणी आदल्या दिवशी अपुरी वाटली होती, ती इतर पुराव्यांच्या सोबतीने आता बोलकी झाली.

समघटकांचा हा पेच जुना आहे. व्होलरचं सिल्व्हर सायनेट आणि त्याचा समकालीन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचं स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट यांचं विश्लेषण केल्यावर घटकांचं प्रमाण तंतोतंत एकच आलं, तेव्हा कोणाचं तरी मोजमाप चुकलं असणार असा संशय घेतला गेला. दोघांचीही मोजमापं बरोबर होती. तेच अणू, तेवढेच अणू, मांडणी वेगळी. बर्झेलियसने १८३० मध्ये या प्रकाराला नाव दिलं.

आणि ॲस्पिरिनच्या घराण्यात तर ओळखीचे घोटाळे कितीतरी. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून इटलीच्या राफाएले पिरियाने १८३८ मध्ये सॅलिसिलिक आम्ल मिळवलं. त्याआधीच जर्मनीच्या कार्ल लोविगने स्पायरिया या झाडाच्या फुलांच्या तेलातून एक आम्ल काढून त्याला त्या झाडावरून नाव दिलं होतं. दोन झाडं, दोन नावं, आणि ताडून पाहिल्यावर आम्ल एकच निघालं. 'ॲस्पिरिन' या नावातला 'स्पिर' त्या झाडाचाच. पुढे शार्ल गेरहार्टने १८५३ मध्ये आणि फॉन गिल्मने १८५९ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी सॅलिसिलिक आम्लाला ॲसेटिल गट जोडला. दोघांच्या हाती जे आलं ते एकच आहे की नाही, हे बरीच वर्षं अधांतरी होतं. १८६९ मध्ये श्र्योडर, प्रिन्झहॉर्न आणि क्राउट या तिघांनी दोन्ही कृती पुन्हा करून पाहिल्या, दोन्ही पदार्थ एकच असल्याचं दाखवलं आणि त्याची रचनाही बरोबर मांडली. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने शुद्ध रूपात ते बनवलं ते १८९७ साली. शाळेच्या पुस्तकांत हॉफमन येतो, या तिघांची नावं येत नाहीत. माझ्या दृष्टीने त्यांचं काम तितक्याच तोलाचं होतं. त्यांनी नवं काही बनवलं नाही, दोन बाटल्यांतला पदार्थ एक आहे हे पक्कं केलं.

संध्याकाळी आम्ही दोन गोष्टी आणखी केल्या. एक, थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारून चार ठिपके दिले : ॲस्पिरिन, कपाटातलं सॅलिसिलिक आम्ल, भाचीचे स्फटिक, आणि चौथ्या जागी शेवटच्या दोघांचे एकावर एक. पट्टीचं खालचं टोक द्रावकात बुडवलं की द्रावक वर चढतो आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या गतीने त्याच्यामागे जातो. ठिपका किती वर गेला याचा आकडा हवामानाने, पट्टीने, द्रावकाच्या प्रमाणाने बदलतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा एकाच पट्टीवर शेजारी चालवणं खात्रीचं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली. सॅलिसिलिक आम्ल त्या प्रकाशात निळसर चमकतं. भाचीचा ठिपका कपाटातल्या नमुन्याच्या बरोबरीने उभा होता आणि चौथ्या जागी दोन नव्हे, एकच गोल ठिपका होता.

दुसरी गोष्ट वासाची. चिमूटभर स्फटिक, थोडं मिथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब धूरपेटीत गरम करून ते गार पाण्यात ओतले. हे काम मी स्वतः केलं आणि घरी ते कोणी करू नये. वाफ हाताने नाकाकडे हलकेच वळवल्यावर भाची लगेच म्हणाली, "आजीचं मलम!" मिथाइल सॅलिसिलेटचा तो वास. कंबरदुखीच्या मलमाच्या ट्यूबवर घटकांच्या यादीत 'गंधपुरा तेल' असतं, त्यात मुख्यतः हेच असतं. पूर्वीच्या रसायनशास्त्रज्ञांना याच पद्धतीवर भरवसा ठेवावा लागे. अनोळखी पदार्थापासून ओळखीचं दुसरं संयुग, म्हणजे साधित, बनवायचं आणि त्याचा माग काढायचा.

आजच्या प्रयोगशाळेत हे सगळं अवरक्त वर्णपट आणि एनएमआर यांनी काही मिनिटांत उरकतं. ॲस्पिरिनच्या अवरक्त वर्णपटात १७५०च्या आसपास एस्टर गटाची ठळक खूण असते, सॅलिसिलिक आम्लात ती नसते. एनएमआरमध्ये ॲस्पिरिनच्या मिथाइल गटाची उंच रेघ २.३च्या जवळ दिसते, झाकण निघालं की ती रेघच नाहीशी होते. पवईच्या आयआयटीतल्या 'सैफ' केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरचे नमुनेही शुल्क घेऊन तपासून मिळतात. ज्याला खरोखर नवं काही हाती लागल्यासारखं वाटतं, त्याने तिथे जावंच. पण विद्यार्थ्याने आधी कॅपिलरी आणि ब्युरेटवर हात बसवावा असं मला मनापासून वाटतं. यंत्र आलेख देतं. त्यातून कोणती शक्यता बाद होते, हा प्रश्न तरीही माणसालाच विचारावा लागतो.

एक गोष्ट मात्र या कशानेही सिद्ध होत नाही. अरुंद द्रवणांक सांगतो की पदार्थ बहुतांशी शुद्ध आहे. उरलेल्या एखाद्या टक्क्यात काय आहे, हे तो सांगत नाही. चामखिळीवर लावायच्या औषधात सॅलिसिलिक आम्ल असतं, म्हणून भाचीने ते वापरून पाहू का विचारलं. उत्तर स्वच्छ नाही असं होतं. घरी बनवलेलं कोणतंही संयुग चाखायचं नाही, अंगाला लावायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. ओळख पटणं वेगळं आणि औषध म्हणून पात्र ठरणं वेगळं. त्या दोहोंमध्ये औषधनिर्मितीचा सगळा कायदा आणि सगळी तपासणी उभी आहे.

जाताना भाचीने बाटलीवर तिसरा कागद चिकटवला. त्यावर आहे : सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिनपासून. द्रवणांक १५८–१५९.५ अंश, खात्रीच्या नमुन्यासोबत घट नाही. अनुमापन १४.४ मिली, अपेक्षित १४.५. क्रोमॅटोग्राफीत एकच ठिपका. खाण्या-लावण्यासाठी नाही. खाली तारीख आणि तिची सही. तुमच्या घरात कोणी मूल असं काही बनवत असेल, तर त्याला एवढा कागद लिहायला लावा, आणि त्यावरची प्रत्येक ओळ त्याने स्वतः मोजलेली असू द्या.